लोखंडाला तेल, रबराला साबण

आजचा भाग एका चुकीवरून सुचला आणि ती चूक माझीच आहे. ती आधी सांगून टाकतो, मग इतिहासात जाऊ.

मी रत्नागिरीचा. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे गंज बारा महिने असतो. खिडकीचे गज, कडी-कोयंडे, गॅसची शेगडी, काही सुटत नाही. मे महिन्याच्या शेवटी मी पावसाळ्याआधीची गाडीची तयारी करत होतो. दीडशे सीसीची गाडी, डाव्या बाजूला उघडी चेन. बाजारातून गंज न चढू देणाऱ्या स्प्रेचा डबा आणला आणि चेन, स्प्रॉकेट, चिमटा, स्टँडची स्प्रिंग, सगळीकडे मनसोक्त फवारा मारला. संध्याकाळची वेळ, वारा सुटलेला, गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली. चेनवर मारलेल्या फवाऱ्यातला किती भाग चेनला लागला आणि किती पलीकडे उडाला, हे मी बघितलंच नाही. चेनच्या पलीकडे काय असतं? मागचा टायर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मागे बसवून बाजारात निघालो. आमचा उतार संपतो तिथे डावीकडे वळण आहे. वेग वीस-पंचवीस असेल. रस्ता कोरडा, खडी नाही, ब्रेकही दाबला नव्हता. गाडी डावीकडे कलली आणि मागचं चाक खालून कुणीतरी ओढून घ्यावं तसं निघून गेलं. मला गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. आई डाव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

आता यातली खरी गोष्ट. माझी आई शिवणकाम करते. आणि जून म्हणजे शाळेच्या गणवेशांचा महिना. वर्षातली सगळ्यात मोठी कमाई त्या एका महिन्यात होते. उजवा हात चाक फिरवतो, पण कापड धरून सुईखाली सरकवायचं काम डाव्या हाताचं. ती सगळी कापडं तिने दुसऱ्या बाईंकडे पाठवली. मला एक शब्द बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

गाडी उचलून गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिकने टायरवरून बोट फिरवलं, बोट चोळलं, आणि म्हणाला, "तेल लागलंय रे. पेट्रोलने पुसून टाक, साफ होईल." मी पेट्रोल काढलंही होतं. मग म्हटलं, थांब, एकदा वाचू तरी. आणि वाचता वाचता मी दोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो. कारण पेट्रोलसारख्या पदार्थाने रबराचं काय होतं, हे माणसाला टायरच्या खूप आधीपासून माहीत आहे. किंबहुना रबराचा धंदाच त्यावर उभा राहिला.

तर चला, आधी रबराकडे.

रबर मूळचं अमेरिका खंडातलं. मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षांपूर्वी त्या चिकापासून खेळायचे चेंडू बनवत होते. युरोपला ते अठराव्या शतकात नीट कळलं, आणि तिथल्या लोकांना त्याचं काय करायचं हेच सुचेना. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की याने पेन्सिलीचं लिखाण छान खोडता येतं. इंग्रजीतलं 'रबर' हे नाव या घासण्यावरूनच पडलं, आणि आपण शाळेत 'रबर दे रे' म्हणतो तेव्हा नकळत त्याच अर्थाने म्हणतो.

अडचण अशी होती की चीक एकदा वाळला की त्याचा गोळा होतो. त्याला पातळ करून कापडावर पसरायचं कसं? पाण्यात तो विरघळत नाही. उत्तर सापडलं स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. तिथे दिव्यांसाठी कोळशापासून गॅस बनवायचे आणि मागे डांबर उरायचं. त्या डांबरापासून नॅफ्था नावाचं पातळ, उग्र वासाचं द्रव्य निघायचं. चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की नॅफ्थात रबर विरघळतं. त्याने ते द्रावण दोन कापडांच्या मध्ये लावलं, कापडं एकमेकांवर दाबली, आणि पाणी न शिरणारं कापड तयार झालं. १८२३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. इंग्लंडात रेनकोटला आजही मॅकिंटॉश म्हणतात.

नॅफ्था हा पेट्रोल आणि रॉकेल यांच्याच जातकुळीतला पदार्थ. म्हणजे मेकॅनिकने मला टायर पुसायला जे सांगितलं, त्याच्या भाऊबंदाने १८२३ मध्ये रबराचा रस्सा करून दाखवला होता.

त्या रेनकोटांची पुढची गोष्ट मला फार आवडली, कारण त्यात शिवणकाम आहे. शिंपी शिवायला घेत तेव्हा सुईने भोकं पडत आणि शिवणीतून पाणी आत येई. थंडीत कोट कडक, उन्हाळ्यात चिकट. आणि तिसरी तक्रार अशी, की लोकरीच्या कापडात मेंढीच्या अंगचं जे नैसर्गिक तेल असतं, त्याने आतलं रबर खराब होई. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग? मशीनचं तेल इलास्टिकला लागलं की इलास्टिक सैल होतं, हे कुणीही सांगेल." तर रबर आणि तेलाचं वैर आमच्या घरात आधीच माहीत होतं. मलाच नव्हतं.

कडक आणि चिकट होण्यावर उपाय काढला चार्ल्स गुडइयरने. अमेरिकेतला हा माणूस रबरापायी पुरता कर्जबाजारी झालेला. १८३९ मध्ये त्याचं गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर लागलं, आणि वितळून पाणी होण्याऐवजी ते चामड्यासारखं चिवट झालं. आज आपल्याला कारण माहीत आहे. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, शेवयांसारखा. गंधक त्या साखळ्यांमध्ये टाके घालतं. टाके पडले की साखळ्या ताणल्या जातात पण निसटत नाहीत. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'व्हल्कनायझिंग' लिहिलेलं असतं ते हेच. गुडइयरला अमेरिकेत १८४४ मध्ये पेटंट मिळालं, इंग्लंडात मात्र थॉमस हॅनकॉकने त्याच्या आधी अर्ज केला होता. गुडइयर १८६० मध्ये वारला, तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना त्यातलं काही मिळालं नाही. असो.

तर टाके पडलेलं रबर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण फुगतं. पेट्रोल आत शिरतं, साखळ्या लांब सारतं, रबर मऊ पडतं. शिवाय टायरच्या रबरात ऊन आणि ओझोनपासून वाचवणारी काही द्रव्यं आणि मेण घातलेलं असतं, ते पेट्रोलमुळे बाहेर निघून येतं. एकदा फडक्याने पुसलं म्हणून टायर संपणार नाही, उगाच घाबरवत नाही. पण दर महिन्याला पेट्रोलने किंवा रॉकेलने टायर 'चमकवणारे' लोक मी बघितलेत. त्यांच्या टायरच्या बाजूंना बारीक चिरा का पडतात, याचं एक कारण हे असू शकतं.

तुम्ही म्हणाल, मग गाडीतल्या पेट्रोलच्या नळीचं काय? ती पण रबराचीच ना? बरोबर विचारलंत. त्यासाठी वेगळं रबर शोधावं लागलं. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत १९३० मध्ये निओप्रीन सापडलं, आणि त्याच दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं. यांच्या साखळ्यांची घडण अशी की तेल त्यांच्यात सहज मिसळत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि ऑइल सील अशा रबरांचे असतात. पण टायर त्याचे करत नाहीत. महाग पडतं, थंडीत ताठरतं, आणि टायरला लागणारे बाकीचे गुण त्यात तितके नाहीत. टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि स्टायरीन-ब्युटाडाईन नावाचं कृत्रिम रबर असतं. या कृत्रिम रबराचं उत्पादन अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात प्रचंड वाढवलं, कारण १९४२ मध्ये जपानने मलाया घेतलं आणि रबराच्या बागाच हातच्या गेल्या. दोन्ही रबरं तेलाशी सलगी करणारी. (बागांवरून आठवलं, आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला गेलात तर रबराची झाडं दिसतील, प्रत्येक खोडाला वाटी बांधलेली. एकदा जाऊन बघा.)

आता टायर. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं. ते सगळे विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तेच केलं. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट सापडल्यामुळे डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं, पण नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

इथे मला एक प्रश्न पडला, जो गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पडायला हवा. टायर रस्त्याला धरतो म्हणजे नक्की काय करतो? मोटरसायकलचा टायर एका वेळी रस्त्याला जेवढा टेकलेला असतो तो तुकडा साधारण एटीएम कार्डाएवढा. पुढचा एक, मागचा एक. तुमचं, गाडीचं आणि मागे बसलेल्या माणसाचं सगळं या दोन कार्डांवर.

याचं उत्तर शोधणाऱ्यांत केंब्रिज विद्यापीठातले डेव्हिड टेबर हे मोठं नाव. घर्षण हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी आणि जेम्स ग्रीनवुड यांनी रबरावर मुद्दाम वंगण लावून त्यावरून कठीण गोळे आणि शंकू घसरवून बघितले. ते काम १९५८ मध्ये छापून आलं. त्यातून दिसलं की रबराची पकड दोन प्रकारची असते. पहिली, रबर रस्त्याला अक्षरशः चिकटतं. दुसरी, रस्त्यावरच्या खड्यांमुळे रबर दबतं आणि परत वर येताना सगळी ताकद परत देत नाही, थोडी आत गिळतं. कणकेच्या गोळ्यात बोट दाबा आणि मग चेंडूत दाबा, फरक कळेल. वंगण लावलं की पहिली पकड जवळजवळ जाते, दुसरी शिल्लक राहते. ओल्या रस्त्यावर आपण पडत नाही ते बरंचसं या दुसऱ्या पकडीच्या जिवावर. अशी ताकद जास्त गिळणारं रबर टायरसाठी वापरायचं, ही दिशा त्या संशोधनातून मिळाली.

मग तेलाने इतकं का घसरतं? पाणी टायरच्या खाचांमधून बाजूला निघून जातं. तेल जात नाही. ते रबराला धरून बसतं, दाबाखालीही थर टिकतो, आणि पावसाच्या पाण्याने धुतलंही जात नाही. माझ्या गाडीत तर हा थर फक्त टायरच्या डाव्या कडेला होता. सरळ जाताना टायरचा मधला भाग टेकतो, म्हणून घरापासून वळणापर्यंत काही कळलं नाही. डावीकडे कललो आणि पहिल्यांदाच ती कड रस्त्याला लागली.

आता दुसरी बाजू, तो स्प्रे. माझा डबा कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, चूक डब्याची नव्हती. पण या जातीच्या सगळ्या डब्यांचा थोरला भाऊ म्हणजे डब्ल्यूडी-४०, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९५३ साल, कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो. रॉकेट केमिकल कंपनी नावाची छोटीशी कंपनी, माणसं तीन. अमेरिका-रशिया शीतयुद्ध चालू होतं आणि त्याच शहरात कॉन्व्हेअर ही मोठी कंपनी अ‍ॅटलस क्षेपणास्त्रावर काम करत होती. अ‍ॅटलसची टाकी स्टेनलेस स्टीलची, आणि इतक्या पातळ पत्र्याची की आत दाब भरून ठेवला नाही तर ती स्वतःच्याच वजनाने चेपायची. फुग्यासारखी. अशा पत्र्याला गंजाने कुठे खाल्लं तर काय होईल, विचार करा. कंपनीला असं द्रव्य हवं होतं जे धातूवरचं पाणी हटवेल आणि परत बसू देणार नाही. एकोणचाळीस वेळा जमलं नाही, चाळिसाव्या वेळी जमलं. 'वॉटर डिस्प्लेसमेंट', चाळिसावा प्रयोग, म्हणून नाव डब्ल्यूडी-४०. पेटंट त्यांनी घेतलंच नाही, कारण पेटंटसाठी कृती उघड करावी लागते.

काम कसं होतं? पातळ तेल धातूला पाण्यापेक्षा जास्त ओढीने चिकटतं. ते थेंबाच्या कडेने खाली शिरतं, पाण्याला उचलून बाजूला सारतं, आणि स्वतः तिथे पसरतं. त्यातला पातळ भाग उडून जातो, तेलाचा बारीक थर मागे राहतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मीठ असेल तर काम फार लवकर होतं, म्हणून तर रत्नागिरीची ही दशा. तेलाच्या थराने दोघांनाही दार बंद. यात नवीन फार काही नव्हतं म्हणा. आमच्याकडे पावसाळ्यात कोयतीला आणि विळीला खोबरेल तेलाचा हात फिरवतात ते याचसाठी.

कॉन्व्हेअरचे कामगार त्या द्रव्याचे डबे लपवून घरी न्यायला लागले. कंपनीने ते ओळखलं आणि १९५८ मध्ये दुकानांत विकायला आणलं, फवाऱ्याच्या डब्यात. अ‍ॅटलस मात्र पुढे वेगळ्याच कामी आलं. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तो अ‍ॅटलसवरच बसून गेला होता.

यानंतर याहून चिवट द्रव्यंही आली. विमानांच्या पत्र्याच्या जोडांमध्ये शिरून तिथेच ओली राहतील अशी. कॅनडात बनणारं एसीएफ-५० हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ब्रिटनमध्ये थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या मोटरसायकलवाल्यांनी हे विमानाचं औषध आपल्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. याची खासियत अशी की ते वाळत नाही आणि हळूहळू सरकत फटींमध्ये शिरतं. फ्रेमसाठी वरदान. टायरवर उडालं तर? तेच न वाळणं आणि सरकणं तुम्हाला पाडणार.

पण मी सांगतो, माझ्या मते खरा गुन्हेगार तेल नाही, डबा आहे. आईच्या मशीनला तेल घालायची छोटी कुपी असते, लांब चोचीची. दाबलं की एक थेंब. तो जिथे पडायचा तिथेच पडतो. फवारा तसा नाही. दाबाने डब्यातून द्रव उडवायची कल्पना एरिक रोथाईम या नॉर्वेच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात काढली. ती कामाला लागली ती दुसऱ्या महायुद्धात. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिक मलेरियाने आजारी पडत होते, तेव्हा त्यांच्या शेतीखात्यातल्या गुडह्यू आणि सलिव्हन या दोघांनी डासांवर फवारायचा हाताएवढा डबा तयार केला. तो जाड आणि जड होता. नंतर रॉबर्ट अ‍ॅबप्लनाल्पने स्वस्त, न गळणारा व्हॉल्व्ह बनवला. त्याचं पेटंट १९५३ चं, म्हणजे चाळिसावा प्रयोग जमला त्याच वर्षीचं. डासांच्या अंगावर धुकं पसरावं म्हणून जन्मलेल्या वस्तूत आपण तेल भरलं. मग ते चेनवर कमी आणि आजूबाजूला जास्त बसलं, तर तक्रार कशाची करायची?

त्यात पूर्वी एक गोष्ट बरी होती. ब्रेक ड्रमच्या आत झाकलेला असायचा. १९६९ मध्ये होंडाच्या सीबी७५० ला पुढे डिस्क ब्रेक आला आणि ब्रेकची थाळी उघड्यावर आली. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांना डिस्क दिसायला लागली ती नव्वदीच्या शेवटाला. डिस्कवर तेल उडणं हे टायरवर उडण्याइतकंच वाईट, कदाचित जास्तच.

आता, टायरवर उडालंच तर करायचं काय? मी जे केलं ते सांगतो.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. चाक हाताने फिरवायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन आणि चाक पुसणारे लोक आहेत आणि त्यात बोटं जातात. आधी कोरड्या सुती फडक्याने तेल टिपून घ्यायचं. टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की डावीकडचं उजवीकडे जातं. मग कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण आणि ताठ केसांचा ब्रश. साबणाच्या कणाला दोन टोकं असतात, एक तेलाला धरतं, एक पाण्याला, म्हणून तेल सुटून पाण्याबरोबर निघतं. आणि साबणाचं पाणी पेट्रोलसारखं रबरात शिरत नाही. खाचांमध्ये ब्रश घालून घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, आणि सगळं पुन्हा करायचं. मला चार वेळा करावं लागलं. तीन वेळा धुऊनही एका भागावर पाण्याचे मणी उभे राहत होते. पाणी एकसारखं पसरायला लागलं तेव्हा थांबलो. मग सुकवून पांढरं फडकं फिरवायचं. काळं लागेल, ती टायरमधली काजळी, तिची काळजी नको. फडकं बुळबुळीत लागतंय का ते बघायचं.

डिस्कसाठी वेगळं. तिला ब्रेक क्लीनर लागतो, आणि तोही फडक्यावर घेऊन, म्हणजे टायरवर उडणार नाही. ब्रेक पॅड तेल प्यायले असतील तर बदलायचे, त्यावर पैसे वाचवू नका. टायरवर चमक आणणारं पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच नको. आणि डब्यात पुष्कळदा एलपीजीचा दाब असतो. ओझोनला घातक म्हणून जुने वायू बंद झाले आणि त्यांच्या जागी जळणारे आले. तेव्हा गरम सायलेन्सरजवळ फवारू नका.

धुतल्यावर लगेच वळणावर गाडी कलवायची नाही. पहिले काही किलोमीटर सरळ, हळू, एकट्याने. मग थोडं थोडं कलवत न्यायचं, दोन्ही बाजूंना. नवीन टायरला सुरुवातीला जपून चालवायला सांगतात ते यासारखंच, कोऱ्या टायरचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी घासला जावा लागतो.

मी आता फवारा थेट चेनवर मारत नाही. फडक्यावर घेतो आणि पुसतो. चेनला तेल घालायचं तर मागे पुठ्ठा धरतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा आईची कुपी घेतो, तेल गाडीचं आणि चोच मशीनची. वेळ लागतो.

प्लॅस्टर जुलैत निघालं. मनगट थंडीत अजून दुखतं असं ती म्हणते, पण मशीन चालू आहे. गाडीवर बसायला ती बरेच दिवस तयार नव्हती. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, चल, दोरे संपलेत. मी गाडी काढली. ती मागे आली, वाकली, टायरच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, पदराला पुसलं. आणि बसली. अजूनही दर वेळी तसंच करते. मी तेवढा वेळ गाडी धरून उभा असतो.